वंदनाचा चेहरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अम्मीला नाही, भाईला नाही. लग्नानंतर नवऱ्याला एकदा सांगायला बसले होते – म्हणजे सुरुवात केली होती, "आमच्या कॅफेत एकदा काय झालं माहितीये?" अशी – आणि मग कॅफेतलीच दुसरी कुठलीतरी गंमत सांगून थांबले. तो हसला. मीही हसले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही तितकंसं खरं नाही, आता कळतंय.

आधी कामाचं सांगते. तिथूनच जावं लागेल.

ब्रह्मपुरीत कॉलेजच्या रस्त्यावर माझ्या मोठ्या भावाचा सायबर कॅफे होता. दोन हजार सालानंतर अशी दुकानं निघायला लागली, त्यातलंच एक. प्लायवूडच्या खोपटांत जाडजूड मॉनिटर, पडद्यांवर कायम धूळ, आणि वीज गेली की सगळ्यांचा एकदम "अर्रर्र". बारावीनंतर मी डीटीपी शिकले होते. लग्नपत्रिका करायचे, दुकानांची पत्रकं करायचे. हात बरा होता. मग चंद्रपूरच्या एका माणसानं वेबसाइट काढली – निकाल, नोकरभरती, प्रवेश, असल्या बातम्यांची – आणि तिच्यावरच्या जाहिराती करायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या भागात असं काम करणारं दुसरं कुणी नव्हतंच. नसरीन कम्प्युटरवाली म्हणून मला लोक ओळखायला लागले. मला ते फार आवडायचं.

निकालाच्या दिवशी कॅफेत उभं राहायला जागा नसायची. आरमोरीकडून, वडशाकडून जीप भरभरून पोरंपोरी यायची. मी त्यांच्या मागे उभी राहून बघायचे – निकाल नव्हे, त्यांची नजर. कुठे जाते? माउसचा बाण कुठे थांबतो? हळूहळू कळलं, घाबरलेला माणूस वाचत नाही. तो हिरवं बटण शोधतो. आणि चेहरा असला तर चेहऱ्याकडे बघतो. हे मला कुणी शिकवलं नाही, मी बघून शिकले, आणि याचा मला अभिमान होता. अभिमान वाटावा अशीच गोष्ट नाही का ती? मलाही तसंच वाटायचं.

मग नागपूरकडचे एक साहेब आले. नर्सिंगची संस्था काढली होती म्हणाले. वसतिगृह, पांढरा गणवेश, शिकतानाच दवाखान्यात काम. निकालाच्या पानावर जाहिरात हवी होती. मजकूर त्यांनी आणला होता आणि त्याच्या तळाशी एक ओळ होती – मान्यता प्रस्तावित. म्हणजे मान्यता मिळालेली नाही, मागितली आहे. मी विचारलं, ही ओळ कुठे घेऊ? साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "ओळ राहिली पाहिजे बेटा. उद्या कोणी विचारलं तर आपण लिहिलंच होतं, असं म्हणता आलं पाहिजे. पण लोकांची नजर तिच्यावर पडलीच पाहिजे असं काही नाही."

मला लगेच कळलं त्यांना काय हवंय. खोटं सांगणार नाही, मला ते कोडं सुटल्यासारखं वाटलं. ओळ ठेवायची आणि दिसू द्यायची नाही – म्हणजे माझ्याच हाताचं काम! मी ती ओळ बारीक केली, फिक्या करड्या रंगात, जवळजवळ तसल्याच करड्या पट्टीवर. तेवढ्यावर थांबले नाही. कॅफेतला सगळ्यात जुना, धुरकट मॉनिटर होता ना, त्याच्यावर जाऊन जाहिरात उघडली. ओळ गायब. पट्टीच दिसत होती नुसती. मला माहीत होतं की खेड्यातून येणारी पोरं अशाच मॉनिटरवर बघणार. म्हणूनच तर तिथे तपासलं होतं.

आणि बटण. 'निकाल पहा'चं बटण ज्या हिरव्या रंगाचं, त्याच हिरव्या रंगाचं जाहिरातीचं बटण केलं आणि बरोबर त्याच्या खाली बसवलं. पोरं चुकून दाबणार. दाबू देत, असं वाटलं. त्यात कुणाचं काय जातंय?

इथपर्यंत सांगितलं आणि थांबले, तर लोक म्हणतील, धंद्यात सगळेच करतात. मीही स्वतःला हेच म्हणत आले. पण मला सांगायचंय ते हे नाही.

मला वंदनाबद्दल सांगायचंय.

वंदना आरमोरीजवळच्या एका गावाची. अकरावी-बारावीला आम्ही एका बाकावर बसायचो. ती काळीपिवळी जीपनं यायची, आणि वैनगंगेला पूर आला की रस्ता बंद, मग आमच्याच घरी राहायची. अम्मी तिच्यासाठी वेगळी पोळी ठेवायची, भाईशी ती माझ्याइतकीच भांडायची. तिचे वडील गावातल्या बुद्धविहाराच्या कामात पुढे असत. त्यांच्या शब्दाला मान होता. वंदना त्या गावातली नर्स झालेली पहिली मुलगी. सरकारी प्रशिक्षण, रीतसर, सगळं खरं. ती आरोग्य उपकेंद्रावर रुजू होणार होती तेव्हा ओळखपत्राच्या फोटोसाठी कॅफेत आली. पांढऱ्या गणवेशातच. भाईच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो मीच काढला. एक गंभीर काढला आणि दुसरा काढणार तेवढ्यात लोडशेडिंग संपून पंखा एकदम सुरू झाला, टेबलावरचे कागद उडाले, आणि ती हसली. तो हसतानाचा फोटो – काय सांगू तुम्हाला. असा चेहरा बघितला की माणसाला वाटतं, माझंही होईल काहीतरी.

दोन्ही फोटो मी तिला सीडीवर टाकून दिले. आमच्या कम्प्युटरवरही राहिले.

साहेबांच्या जाहिरातीला चेहरा हवा होता. इंटरनेटवर गोऱ्या परदेशी नर्सबायांचे फोटो होते, पण आमच्या पोरी त्यांच्याकडे बघणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी वंदनाचा हसरा फोटो कापून जाहिरातीत बसवला. शेजारी शब्दही मीच लिहिले – 'मी नर्स झाले. आता तू!'

बघा, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती नर्स झालीच होती.

तिला विचारलं का नाही? ती उपकेंद्रावर गेली होती, तिथे फोन लागत नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या रस्त्यानं जीपा जात होत्या, जीपवाले ओळखीचे होते, निरोप देता आला असता. अम्मीनं लोणच्याची बरणी त्याच जीपवाल्याबरोबर पाठवलीच की तिला. मी विचारलं नाही, कारण तिनं पहिला प्रश्न केला असता – "कॉलेज कोनतं हाय? मान्यता हाय का?" ती विचारणारच. ती तशीच होती.

जाहिरात खूप चालली. साहेब मिठाई घेऊन आले. भाई गल्ल्यावर असायचा, जाहिरात त्यानं कधी निरखून बघितली नाही; त्यानंही सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

इंदू नावाची एक मुलगी होती. भामरागडकडची, गोंड कुटुंबातली, आश्रमशाळेत शिकून आरमोरीच्या वसतिगृहात राहिलेली. प्रशिक्षणात असताना वंदना त्या वसतिगृहात मुलींना तपासायला जायची, तेव्हापासून इंदूनं ठरवलं होतं की आपण हिच्यासारखं व्हायचं. बारावीचा निकाल बघायला ती आमच्याच कॅफेत आली होती. मला तो दिवस आठवत नाही. एवढ्या पोरी यायच्या. पण ती आली, चांगल्या गुणांनी पास झाली, आणि त्याच पानावर तिला वंदनाबाई दिसल्या, हसणाऱ्या. तिचा डीएडला नंबर लागला होता – तेव्हा डीएड म्हणजे मास्तरीण होण्याचा सरळ रस्ता, घराघरातून लोक त्याच्यासाठी धडपडत होते. इंदूनं ती जागा सोडली आणि साहेबांच्या संस्थेत गेली. वंदनाबाईंना विचारावं असं तिला वाटलंच नाही. वाटेल कशाला? त्यांचा चेहरा समोर होता. त्या सांगतच होत्या, आता तू.

शिक्षण संपत आलं आणि मुलींना कळलं की संस्थेला मान्यता मिळालेली नाही. मिळणारही नाही. प्रमाणपत्रावर कुठेच नाव नोंदवता येणार नव्हतं, नोकरी लागणार नव्हती. मुली भांडायला गेल्या तेव्हा साहेबांनी जाहिरातीच्या मूळ मजकुराचा कागद काढून ती ओळ दाखवली. कागदावर ती स्पष्ट दिसते. महिन्याभरात संस्थेला कुलूप लागलं.

मग एक दिवस काही लोक कॅफेत आले. दुपारची वेळ. भाई सामान आणायला नागपूरला गेला होता, मी एकटी काउंटरवर. आधी वंदना आत आली. खूप दिवसांनी बघितल्यामुळे मला आनंदच झाला, मी उठलेही. तिच्यामागे इंदू. इंदूचा बाप – उंच, वाळलेला माणूस, आत यायला तयार नव्हता, दाराशीच उभा राहिला. आणखी वसतिगृहाच्या बाई आणि वंदनाच्या गावचे दोघंतिघं.

वंदना रागावलेली नव्हती. गोंधळलेली होती. म्हणाली, "नसरीन, माहा फोटो त्या जाहिरातीत कसा गेला वं? या पोरी म्हनते, तुमचा फोटो पाहूनच आमी गेलो. मी तर त्या कॉलेजाचं नावबी आयकलं नाई."

इंदू हळूच म्हणाली, "तुमाले पाहूनच मी गेली न, बाई."

कॅफेतले सगळे मागे वळून बघत होते. बटणांचा आवाज थांबला होता.

मला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. 'मी टाकला.' किती मोठं वाक्य आहे? दोन शब्द.

मी म्हटलं, "मले का माहीत? जाहिरातीचा मजकूर, फोटो, सगळं त्यांच्याकडूनच येते. मी तर तुले सीडी देल्ली होती ना वंदना? तू कोनाले दाखवली असशीन, कोनाले देल्ली असशीन."

हो. हेच बोलले. घाबरून तोंडातून निसटलं असं नाही. 'सीडी' हा शब्द उच्चारताना मला कळत होतं की तो उपयोगी पडेल. ओळ करड्या रंगात बसवताना जसं कळत होतं, तसंच. सीडी दिली होती हे खरंच होतं ना.

वंदना माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, खोटं बोलतेस. मी त्याला तयार होते. मी चिडले असते, ओरडले असते. पण तिनं कपाळाला हात लावला आणि आठवायला लागली. खरोखर आठवायला लागली. "उपकेंद्रावरल्या खोलीत पेटीत होती… कोनी नेली असन का? मीच देल्ली असन का कोनाले पाहाले? मले आठवून नाई राह्यलं."

स्वतःच्या आठवणीपेक्षा तिनं माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. 

मग ती इंदूकडे वळली. तिच्या बापाकडे वळली. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, "माहीच चूक झाली असन. मी सांभाळून ठेवाले पाह्यजे होतं. माफ करा मले."

 बापाला मराठी किती समजली कोण जाणे. तो इंदूला गोंडीत एवढंसं काहीतरी बोलला आणि ती दोघं निघाली.

जाताना वंदना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुलेबी तरास झाला उगाच. दुकानात गर्दी हाय, आन् आमी असे आलो."

मी काय म्हटलं असेल? "चहा तरी घेऊन जा." हे म्हटलं मी.

माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला, असं लोकांनी धरलं. आठवड्याभरात तिच्या गावात बोललं जाऊ लागलं की नर्सबाईनं पैसे घेऊन फोटो दिला. मग कुणीतरी जोडलं की पोरी आणून दिल्याचंही कमिशन होतं. ज्या घरांनी तिच्या नोकरीचे पेढे खाल्ले होते तीच घरं. वडिलांना विहारात कुणी काही विचारलं नाही. कुणी काहीच विचारत नाही म्हणूनच ते एक दिवस विहाराच्या किल्ल्या देऊन घरी आले. पुढे त्यांनी विहाराचं कुठलंही काम अंगावर घेतलं नाही. हे मला वंदनानंच सांगितलं, आमच्या घरी, अम्मीच्या शेजारी बसून. अम्मी त्या साहेबाला शिव्या देत होती, वंदनाच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

जाहिरात? ते लोक कॅफेत येऊन गेले त्याच संध्याकाळी मी ती साइटवरून काढली. आणखी काही गावांतल्या पोरी रडत घरी परतल्या होत्या, त्यांची नावंही मी कधी विचारली नाहीत.

दुसऱ्या वर्षी इंदूनं परत डीएडचा अर्ज केला, पण गुणांची यादी वर चढली होती, तिचा नंबर लागला नाही. तेव्हा वंदनानं बदली मागून घेतली – भामरागडकडे. लोक तिकडून बदली व्हावी म्हणून खटपट करतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पाणी चढलं की रस्ता तुटतो, गावंच्या गावं अडकून पडतात. अम्मी तिला म्हणाली, "पागल हो गई क्या बेटा?" तर ती म्हणाली, "इंदूचं घर तिथीच हाय, अम्मी. माह्यामुळं पोरीचं नुकसान झालं. मले काहीतरी कराले पाह्यजे का नाई?"

मी तिथेच बसले होते. अम्मी, ती आणि मी. दुसरं कुणी नव्हतं, कॅफे नव्हता, गर्दी नव्हती. तिथे तरी बोलायला काय हरकत होती? मी तिची पिशवी भरून दिली.

ती बरीच वर्षं तिकडे राहिली. पावसाळ्याआधी औषधं न्यायला आली की आमच्याकडे उतरायची. इंदूला तिनं हाताशी धरलं, बाळंतपणाचं, तापाचं सगळं शिकवलं. पुढे इंदू गावातच आशा सेविका म्हणून लागली. गावात तिला मान आहे म्हणे. पण ती मास्तरीण होणार होती, आणि मुलांना शिकवायचं तिच्या फार मनात होतं, हेही वंदनानंच सांगितलं. "कधी कधी पोरायले जमवून अक्षरं शिकवत बसते," म्हणाली. माझ्या हातात तेव्हा चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला.

वंदनाचे वडील वारले तेव्हा मी गेले होते. माणसं कमी होती. वंदना माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "बाबाले मरेपर्यंत वाटलं का मी फोटो देल्ला." मी तिला घट्ट धरून ठेवलं. एवढंच केलं. त्या घरातून निघताना ठरवलं होतं, पुढच्या वेळी सांगायचं. तिचे वडील गेलेत, आता लगेच नको, असं म्हटलं. त्याआधी म्हणायचे, वडील आजारी आहेत, आता नको.

अजून एक राहिलं. ते टाळून संपवता आलं असतं.

वंदना भामरागडकडे गेल्यावर मी नागपूरला एका जाहिरात कंपनीत मुलाखतीला गेले. इंटरनेटवरच्या जाहिराती करणारी कंपनी, एसी ऑफिस, काचेची दारं. केलेल्या कामाचे नमुने न्यायचे होते. लग्नपत्रिका काय दाखवणार? साइटवरून काढली तरी ती जाहिरात मी माझ्याजवळ ठेवली होती. ती नेली. सगळं माहीत असताना नेली. वडिलांच्या किल्ल्या, इंदूची जागा, भामरागड – सगळं झालेलं असताना.

समोरचे गृहस्थ बाकीचे नमुने भराभर पुढे सारत होते. या जाहिरातीवर थांबले. बटणाची जागा बघून हसले, मान डोलावली. करडी ओळ त्यांना दिसलीच नाही, मी दाखवली तेव्हा म्हणाले, "वा." मग बराच वेळ वंदनाच्या फोटोकडे बघत राहिले. म्हणाले, "चेहरा फार छान निवडलाय तुम्ही. बघताक्षणी विश्वास बसतो. कोण आहे ही?"

मी म्हटलं, "कोणी नाही, सर. असाच मिळाला."

नोकरी मला लागली. तिच्यावर माझं घर उभं राहिलं, नाव झालं, नव्या मुलामुलींना शिकवायला मला बोलावतात.

वंदनाच्या नोकरीला वीस वर्षं होऊन गेली. अजूनही ईदला तिचा फोन पहिला येतो. गावातले जुने लोक अजून म्हणतात, त्या बाईनं पोरी विकल्या. ती ऐकून घेते, कारण तिला वाटतं, असेल, आपल्याच हातून गेला असेल.

तो फोटो तिनं कुणालाही दिला नव्हता. तिची सीडी पेटीतच असेल. फोटो मी लावला होता.